लॅपटॉप आईचा, पासवर्ड कोणाचा?



आपल्यापैकी अनेक जण हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत नोकरी करतात. आपली भावंडे कोणी दुबईला, कोणी कॅनडात. घरी वानवडीला किंवा वडगावशेरीला सत्तरी ओलांडलेली आई किंवा पप्पा. केव्हातरी भावंडांमध्ये ठरते की आता त्यांना लॅपटॉप घेऊन द्यायचा आणि घरात इंटरनेटही घ्यायचे. मार्च २०२० मध्ये चर्चचे दरवाजे बंद झाले तेव्हा कित्येक ज्येष्ठांनी आयुष्यात प्रथमच पडद्यावर मिस्सा पाहिली. तेव्हापासून ही वस्तू चैनीची राहिलेली नाही. प्रश्न खरेदीचा वाटतो, पण आमच्या मते तो चौथ्या आज्ञेचा आहे.

ख्रिस्तसभा शिकवते की मुले मोठी होऊन स्वतंत्र झाली की आईवडिलांच्या आज्ञेत राहण्याचे बंधन संपते, आदराचे बंधन मात्र संपत नाही. लहानपणी आपण त्यांचे ऐकत होतो. आता ते आपले ऐकू लागतात, आणि त्यांना मान देण्याची खरी कसोटी इथेच लागते.

खरेदीपासूनच पाहा. बहुतेक घरांत आपला जुना लॅपटॉप आईकडे जातो आणि आपण नवा घेतो. जुना देण्यात गैर काही नाही, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ज्या यंत्रावर पुढचे विंडोज ११ चढतच नाही, ते आईच्या हाती देणे म्हणजे कुलूप सैल झालेले घर तिला राहायला देणे. नवा घेतलाच तर महागाच्या मागे लागू नये. पडदा मोठा, अक्षरे ठळक आणि आवाज स्पष्ट असला की पुरे. दुकानात जाताना त्यांना बरोबर न्यावे. कळा दाबून पाहायला त्यांची बोटे हवीत, आपली नव्हेत.

मराठीचे आपण विसरतोच. पुण्यातल्याच सी-डॅकने १९८८ पासून संगणकावर देवनागरी रुजवण्याचे मोठे काम केले. आजच्या विंडोजमध्ये मराठी कळफलक आयताच असतो, फक्त सुरू करावा लागतो. तरीही आपण आईला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लावतो आणि तिला जमत नाही म्हणून हसतो.

इंटरनेटची गोष्ट थोडी वेगळी. व्हिडिओ कॉल आणि मिस्सा यांसाठी सर्वांत महागड्या योजनेची गरज नसते. पण एक गोष्ट विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. तांब्याच्या तारेचा जुना साधा फोन घरात वीज नसतानाही चालायचा, कारण त्याला वीज टेलिफोन एक्सचेंजमधून मिळे. फायबरच्या जोडणीवरचा फोन आणि इंटरनेट दोन्ही घरातल्या विजेवर चालतात. वीज गेली की एकटी राहणारी आई जगापासून तुटते. राऊटरसाठी छोटी बॅटरी घेणे हे वेग वाढवण्यापेक्षा अधिक गरजेचे आहे.

यापुढचा भाग अवघड आहे. लॅपटॉप सुरू करून देताना ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड आपणच ठरवतो, आपल्याच मोबाईलमध्ये लिहून ठेवतो. शिवाय दूरवरून पडदा पाहता यावा म्हणून एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर टाकतो. मग आईने कोणाला काय लिहिले, पप्पांनी कोठे पैसे पाठवले, हे सारे आपल्याला दिसू लागते. गावाकडच्या धाकट्या बहिणीला पप्पांनी गुपचूप दोन हजार पाठवले, तर ते आपल्याला कळायलाच हवे का? आम्हाला नाही वाटत. दानाचे गुपित राखण्याचा अधिकार त्यांनाही आहे.

यावर काही जण म्हणतील, “फसवणूक झाली म्हणजे? एका दुपारी आयुष्यभराची पुंजी जाते.” हे म्हणणे खोटे नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने ज्येष्ठांना किती लुबाडले जाते ते आपण वाचतोच. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावे लागले. पण हे भामटे काय करतात ते नीट पाहा. एनीडेस्क टाकायला लावून खाती रिकामी केली जातात, म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. त्यांचे बोलणे असे असते: “मी सांगतो तेवढेच करा, कोणाला विचारू नका.” आणि आपण रोज फोनवर आईला काय सांगतो? “मी सांगतो तेवढंच दाब, बाकी कशाला हात लावू नकोस.” पडद्यावर बाण आपोआप फिरतो आहे आणि कोणीतरी तरुण आवाजात घाईघाईने हुकूम देतो आहे, याची सवय आईला आपणच लावतो. उद्या अनोळखी आवाज तेच बोलला तर तिने कशावरून संशय घ्यावा?

म्हणून पासवर्ड त्यांनीच ठरवावा, त्यांच्या डायरीत लिहावा, आणि आपण मागितला तरी “कशाला हवा?” असे त्यांनी विचारावे. आपल्याला नकार देऊ शकणारी आईच परक्यालाही नकार देऊ शकेल. ऑनलाइन पैसे पाठवण्याची मर्यादा बँकेत कमी करून घेता येते. तो अर्ज त्यांनी स्वतः समजून भरावा. आपण जिवंत आहोत हे निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरात सिद्ध करावेच लागते. निदान घरात तरी आपल्याला समजते, हे त्यांना सिद्ध करावे लागू नये.

स्मरणशक्ती खरोखरच जाऊ लागली तर किल्ल्या आपल्याकडे घ्याव्या लागतील. तो दिवस वयाच्या आकड्यावरून ठरत नाही. त्याविषयी ते ठणठणीत असतानाच, सर्व भावंडांसमोर बोलून ठेवावे. कोणाकडे काय जाईल ते त्यांनी सांगावे, आपण लिहून घ्यावे. हे बोलणे जड जाते, म्हणून ते टाळले जाते आणि मग एक भाऊ दुसऱ्यावर संशय घेत बसतो.

शिकवायला वेळ द्यावा लागतो, एका बैठकीत होत नाही. रविवारी मिस्सेनंतर तासभर बसावे आणि माऊस त्यांच्याच हातात राहू द्यावा. चुकले तर चुकू द्यावे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक लॅपटॉपच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवावा, शक्यतो त्यांच्याच हस्ताक्षरात.