आरोपावाचून बंदी, निर्णयावाचून सुटका

एखाद्या मनुष्यास वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे, त्याचा अपराध कोणता हे न्यायासनापुढे कधीच मांडू नये, आणि मग एके दिवशी दार उघडून त्यास जावयास सांगावे, ह्यास न्याय म्हणता येईल काय? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे विचारार्थ ठेवीत आहो.

सन २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर भयंकर हल्ला होऊन सुमारे ३,००० माणसे प्राणांस मुकली. पुढील जानेवारीत त्या सरकारने क्यूबा बेटावरील ग्वांतानामो येथे आपल्या आरमारी तळावर संशयितांकरिता तुरुंग उघडला. तेथे एकंदर सुमारे ७८० पुरुष नेण्यात आले. पुढे त्यांपैकी बहुतेकांस कोणताही आरोप न ठेविता सोडून देण्यात आले.

लखदर बुमेदियन हे बोस्नियात रेड क्रेसेंट संस्थेच्या सेवेत होते. साराएवो शहरातील अमेरिकन वकिलातीवर हल्ल्याचा कट केल्याच्या संशयावरून २००१ साली त्यांस धरले. पुरावा मिळेना, म्हणून २००२ च्या जानेवारीत तेथील न्यायालयाने सुटकेचा हुकूम केला. तरी त्यांस अमेरिकनांच्या स्वाधीन करण्यात आले. तेथील कैद्यांस आपल्या बंदीचे कारण न्यायालयात विचारण्याचा हक्क आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्यांच्याच अर्जावर दिला. त्याच नोव्हेंबरात पुरावा अपुरा ठरून सुटकेचा हुकूम झाला, व २००९ च्या मे महिन्यात ते फ्रान्सला पोहोचले. आयुष्याची सात वर्षे मात्र परत मिळाली नाहीत.

कोणी म्हणेल, युद्धप्रसंगी सरकारने धोका कसा पत्करावा? ही शंका क्षुल्लक नव्हे. सुटलेल्यांपैकी काहींनी पुन्हा शस्त्र धरले, हेही खरे. परंतु अपराधी कोण हे चौकशीवाचून कसे कळणार? चौकशीच्या अभावी दोषी व निर्दोषी एकाच कोठडीत राहतात, आणि ज्यांची माणसे मारली गेली त्यांसही न्याय मिळत नाही. सुटलेल्याची स्थिती तर विलक्षण होते. "काही असल्यावाचून का धरले?" असे शेजारी विचारतो, आणि त्यास दाखवावयास निर्दोषत्वाचा निकाल हाती नसतो.

२००५ नव्हे, २०२५ च्या जानेवारीतही त्या तुरुंगात १५ जण होते, व त्यांतील सहांवर आरोप ठेविलेला नव्हता. आरंभीची भीती समजण्याजोगी होती. तेवीस वर्षांच्या दिरंगाईस ती सबब पुरत नाही. आणि आपल्या गावी कोणी संशयावरून धरला गेला, तर आपण त्या शेजाऱ्यासारखेच बोलतो काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.