पुढचा सामना कधी?

जपानमधल्या महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा हंगाम वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होतो, ऐन थंडीत थांबतो आणि मार्चच्या सुमारास पुन्हा सुरू होतो. निइगाता, नागानो, सेंदाई इथल्या संघांच्या मुलखात त्या दिवसांत बर्फ पडतो, म्हणून ही विश्रांती. तिथे दुपारी दोनला चेंडू मध्यावर ठेवला जातो तेव्हा अमरावतीत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. रविवारची भाजी आणून झालेली, जेवणाला अवकाश. मोबाइलवर जेवढे दिसेल तेवढे मी पाहतो. समालोचनातले अक्षर कळत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. खेळ बघायला सुरुवात केली आणि लक्ष गुंतले ते त्यांच्या वेळापत्रकात. बर्फ वितळल्यावर कोणता संघ कोणत्या गावी, किती वाजता खेळणार, हे थंडी पडण्याआधीच ठरलेले असते. एखादा संघ विश्रांतीपूर्वीचे चार सामने ओळीने हरला असला, तरी पाचवा सामना त्याची वाट पाहत असतो.

आपल्याकडे मुलींच्या खेळाबद्दल बोलताना मैदान नाही, बूट नाहीत, पालक पाठवत नाहीत, हे सगळे निघते. ते खोटे नाही. पण पुढचा सामना कधी आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या मुलींचा खेळ तिथेच अडला आहे.

शालेय फुटबॉल घ्या. पावसाळ्यात सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या होतात, पुढे शालेय स्पर्धा. अशा एका फेरीत दर्यापूरकडच्या मुलींचा सामना पाहिला होता. रात्रभर पाऊस झालेला. आपली काळी माती ओली झाली की काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको. बुटाच्या तळव्याला चिकटत चिकटत तिची वीट होते. पोट्ट्या दर दहा मिनिटांनी रेषेबाहेर येऊन लिंबाच्या काडीने तळवे खरवडायच्या आणि पुन्हा आत पळायच्या. गोलकीपरच्या हातात यष्टिरक्षकाचे मोजे होते, तेही एका मापाचे नव्हते. त्या सामना एका गोलने हरल्या. मग झाडाखाली बसून आलुबोंडे खाल्ले, सरांनी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या आणि साडेबाराच्या एसटीने सगळा संघ परत गेला. बाद पद्धत असल्यामुळे त्यांचे त्या वर्षीचे फुटबॉल तेवढ्यावर संपले. ज्या चुका झाल्या त्या पुढच्या रविवारी सुधारून दाखवायला पुढचा रविवारच नव्हता. वर्षभराने त्यातल्या निम्म्या दहावीत जाणार, आणि दहावीतल्या मुलीचे खेळणे घरच्यांना क्रीडागुणांपुरतेच पटते.

महाविद्यालयातही फार वेगळे नाही. अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन-चार दिवसांत उरकतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि निवडलेली मुलगी ‘कलर होल्डर’ होते. ब्लेझर मिळतो, तो मिरवावा असाच असतो. पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या अर्जाला जोडायला प्रमाणपत्रांची फाइल तयार होते. मी कित्येक अशा फायली पाहिल्या आहेत. फाइल जाड असते आणि खेळलेले सामने थोडे असतात.

जपानमध्ये हे पहिल्यापासून सुरळीत होते असे समजू नका. १९८९ साली सहा संघांची लीग सुरू झाली. पाठीशी बड्या कंपन्या होत्या, परदेशी खेळाडू मोठ्या पगारावर यायच्या. मग तिथली अर्थव्यवस्था बसली. निक्को या शेअर दलाल कंपनीच्या संघाने १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली आणि त्याच १९९८ मध्ये कंपनीने संघ बंद केला. इतरही संघ गेले. २००० च्या ऑलिम्पिकला राष्ट्रीय संघ पात्रसुद्धा ठरला नाही. पण लीग चालू राहिली. खेळाडू दिवसा दुकानात, कारखान्यात काम करायच्या आणि संध्याकाळी सरावाला यायच्या. ओकायामा प्रांतात युनोगो नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे छोटे गाव आहे. त्या गावाच्या नावाने २००१ मध्ये संघ उभा राहिला. आया मियामा त्याच संघाची. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध पहिली बरोबरी तिने साधली, दुसरी होमारे सावाने अगदी शेवटच्या मिनिटांत, आणि पेनल्टींवर जपान जिंकला. अमरावती-अकोल्यापुढे टोकियोचे उदाहरण ठेवणे हास्यास्पद होईल. युनोगोचे ठेवायला हरकत नाही.

त्याच वर्षी, ११ मार्चला, जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राची मालक असलेल्या टेप्को कंपनीचा मारीझे नावाचा महिला संघ लीगमध्ये होता. त्याच्या काही खेळाडू आधी त्या केंद्रातच नोकरीला होत्या. तो संघ पुन्हा मैदानात उतरला नाही. लीगचा हंगाम उशिरा का होईना सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी त्या संघातल्या अनेक जणी सेंदाईच्या नव्या संघातून खेळू लागल्या. १७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये जिंकलेला विश्वचषक सगळ्यांना आठवतो. मला त्यामागची ती रखडत सुरू झालेली लीग जास्त महत्त्वाची वाटते.

आजची व्यावसायिक लीग २०२१ च्या सप्टेंबरात अकरा संघांनिशी सुरू झाली. प्रत्येक संघात किमान पंधरा व्यावसायिक खेळाडू, आणि त्यांना वर्षाला किमान २७ लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा लाख रुपयांच्या आसपास. सामन्याला सरासरी पाच हजार प्रेक्षक जमवू असे जाहीर झाले होते. पहिल्या हंगामात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही जमले नाहीत. आपल्याकडे एवढ्यावर ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून फाइल मिटली असती. तिथे दुसरा हंगाम आला, तिसरा आला.

फाइल मिटल्याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची कबड्डी लीग झाली. तीन संघ होते. अंतिम सामना एका गुणाने, २४-२३ असा सुटला. याहून चुरशीचा सामना कोणी मागूनही देणार नाही. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी तो जिंकला. खो-खोची मोठी लीग तोवर दोनदा झाली होती, दोन्ही वेळा फक्त पुरुषांची. विश्वविजेत्या आहेत आणि त्यांना लीग नाही, हा पराक्रम आपणच करू जाणे.

अमरावतीकरांना तर हे अधिक लागायला हवे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या गावचे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी, मल्लखांबाची प्रात्यक्षिके केली. गावातल्या कोणत्याही समारंभात बर्लिनचा उल्लेख झाल्याशिवाय भाषण संपत नाही, आणि अभिमान रास्तच आहे. पण जगाला खेळ दाखवून जवळपास नव्वद वर्षे झाली. त्याच खेळात इथल्या मुलीला वर्षातून दहा सामने मिळतील अशी व्यवस्था त्या भाषणांतून कधी निघाली नाही.

हंगाम परत आल्याने काय होते, याचा पुरावाही आपल्याच गावात आहे. भारती फुलमाळी अमरावतीची. २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध ती भारताकडून टी-ट्वेंटी खेळली आणि नंतर संघाबाहेर गेली. महिलांची टी-ट्वेंटी लीग तेव्हा नव्हती. होते ते आयपीएलच्या शेपटाला बांधलेले तीन संघांचे चार सामने, आणि २०२१ मध्ये तेही झाले नाहीत. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली आणि मुख्य म्हणजे ती दर वर्षी येत राहिली. १० मार्च २०२५ ला ब्रेबॉर्नवर गुजरातकडून खेळताना भारतीने मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा केल्या. गुजरात हरले, पण त्या खेळीने सामना मुंबईच्या हातून जवळजवळ काढून घेतला होता. पदार्पणानंतर सहा वर्षांनी! खेळाडू तीच, मनगट तेच. तिला पुन्हा बघितले जाईल अशी जागा आणि तारीख, एवढेच नव्याने मिळाले.

दिशा कासटही अमरावतीची, विदर्भाचे नेतृत्व केलेली. पहिल्या लिलावात बंगळुरूने तिला दहा लाखांना घेतले. त्याच लिलावात त्याच संघाने स्मृती मानधनासाठी ३ कोटी ४० लाख मोजले होते. ही दरी डोळ्यांत भरते, पण दहा लाखांवालीलाही पुढचा हंगाम होता. २०२४ मध्ये बंगळुरूने जेतेपद मिळवले तेव्हा दिशा त्या संघात होती. अमरावतीचाच जितेश शर्मा २०२५ च्या आयपीएलमध्ये बंगळुरूच्या विजेत्या संघातून खेळला, तेव्हा अमरावतीला आनंदाचे भरते आले. यायलाच हवे होते. त्याच रंगाच्या विजेत्या संघात गावची मुलगी वर्षभर आधीच बसून आली होती, हे किती जणांना ठाऊक होते?

क्रिकेटला पैसा आहे, फुटबॉलला कोण देणार, असे कोणी म्हणेल. देशातली महिला फुटबॉल लीग २०१७ च्या जानेवारीत सुरू झाली, करोनाकाळात एक हंगाम रद्द झाला, आणि घरच्या-बाहेरच्या मैदानांवर आलटून पालटून सामने व्हायला २०२३-२४ उजाडावे लागले. त्यातून थोडे बळ आलेच. २०२५ च्या जुलैत भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली, आणि गट पडला तो जपानबरोबर. दोन संघांतले अंतर कौशल्याचे आहे तसे खेळून झालेल्या सामन्यांचेही आहे.

आता आपल्या गावचा हिशेब. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम असे पाच संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचे. एकूण वीस सामने, प्रत्येकीला आठ, त्यातले चार परगावी. अकोल्याच्या मे महिन्यात माणूस सावलीतही भाजतो आणि पावसाळ्यात काळी माती खेळू देत नाही, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात आणि फेब्रुवारीअखेर समाप्ती. जपान बर्फ टाळतो, आपण ऊन टाळू. प्रवासाची सबब सांगू नये. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची एकेरी मार्गिका २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून आपण गिनेस बुकात नाव घातले आहे. विक्रमी रस्त्यावरून मुलींची एक मिनीबस जायला काय हरकत असावी? अकोल्याला मुष्टियुद्धाची क्रीडा प्रबोधिनी आहे, अमरावतीला शारीरिक शिक्षणाचे जुने महाविद्यालय आहे. पंच, प्रशिक्षक, मैदाने अजिबातच नाहीत असा हा मुलूख नव्हे.

पैशांचे म्हणाल तर आमदार चषक, खासदार महोत्सव, अमुक साहेबांच्या वाढदिवसाची भव्य स्पर्धा, यांत तो दर वर्षी खर्च होतोच. मांडव, डीजे, पाच फुटी ढाल, लाखाचे बक्षीस. तीन दिवसांत सगळे आवरते आणि पुढच्या वर्षी साहेबांना तिकीट मिळाले नाही की स्पर्धाही होत नाही. चषक देणाऱ्यांना माझी विनंती आहे. यंदा ढाल लहान घ्या, बक्षीस निम्मे करा, डीजे नकोच. उरलेल्या पैशांत मिनीबसचे भाडे, पंचांचे मानधन आणि मुलींचा नाश्ता भागवा. वीस सामन्यांच्या तारखा दिवाळीआधी छापा आणि शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर लावा. आणि पहिल्या वर्षी मैदानावर चाळीसच माणसे आली, तरी दुसऱ्या वर्षीच्या तारखा त्याच कागदावर आधीच छापून ठेवा.