व्यक्ती, आकृती, जाती: हर्बेरियममधील एक प्रश्न

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. त्यातील शीट म्हणजे साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असा जाड कागद. त्यावर दाबून वाळवलेली फांदी चिकटवलेली किंवा टाके घालून बसवलेली असते आणि खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: वनस्पतीचे नाव, गाव, तारीख, नमुना गोळा करणाऱ्याचे नाव. शंभर वर्षांपूर्वीची अशी शीट दुरुस्त करून तिची प्रतिमा संगणकात साठवली, म्हणजे नेमके काय जपले गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना न्यायदर्शनाची फार मदत होते.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक चर्चा आहे. ‘गाय’ म्हटल्यावर कशाचा बोध होतो: समोर उभ्या असलेल्या एका गाईचा, तिच्या अवयवांच्या ठेवणीचा, की सर्व गाईंमध्ये असणाऱ्या गोत्वाचा? पहिली व्यक्ती, दुसरी आकृती, तिसरी जाती. शब्दाच्या अर्थात या तिन्हींना जागा आहे, असा सूत्रकार गौतमांचा निर्णय आहे. हर्बेरियममध्येही हे तिन्ही एकत्र असतात. कागदावरची फांदी ही व्यक्ती, पानाफुलांची रचना ही आकृती आणि चिठ्ठीवरचे नाव जातीचे.

वनस्पतिशास्त्राने जातीच्या नावाला आधार मात्र व्यक्तीचा दिला आहे. प्रत्येक जातीचे नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेले असते. त्याला टाइप नमुना म्हणतात. वर्णन अपुरे ठरले, वर्गीकरण बदलले, तरी नाव त्या नमुन्याला सोडत नाही. जुन्या काही नावांचा आधार मात्र नमुन्याऐवजी चित्रे आहेत. लिनियसने दिलेल्या अनेक नावांसाठी ‘हॉर्टस मलाबारिकस’ या सतराव्या शतकातील ग्रंथाची चित्रे प्रमाण मानली जातात. परंतु १ जानेवारी २००७ पासून, सूक्ष्म शैवाले आणि बुरशींसारखे अपवाद वगळता, नव्या जातीचा टाइप प्रत्यक्ष नमुनाच असावा लागतो. चित्र कितीही रेखीव असो, ते चालत नाही.

प्रत्यक्ष नमुन्याच्या या आग्रहाला ठोस आधार आहे. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकात दुष्काळ आणणाऱ्या बटाट्यावरील करप्याचा जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो हर्बेरियममध्ये जपलेल्या रोगट पानांवरून. ती पाने गोळा करणाऱ्याला डीएनए ठाऊक नव्हता. प्रतिमेत आजच्या डोळ्यांना दिसते तेवढेच उतरते. उद्याच्या अभ्यासकाला काय विचारावेसे वाटेल, त्याची सोय फक्त वस्तूतच असते.

तरीही प्रतिमेला दुय्यम मानून बाजूला सारता येत नाही. बर्लिनच्या हर्बेरियममधील असंख्य टाइप नमुने १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ पासून तिथल्या नमुन्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली होती. व्यक्ती गेली, आकृती उरली, आणि कित्येक नावांचा माग आज त्या छायाचित्रांवरूनच काढावा लागतो. शिवाय पूर्वी एक शीट पाहण्यासाठी लंडनमधील क्यू उद्यानापर्यंत जावे लागे किंवा नमुना टपालाने मागवावा लागे. आता तिचे दर्शन खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही होते, आणि मूळ फांदी कमी हाताळली जाते.

दुरुस्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या शीटवर किडीपासून बचावासाठी मर्क्युरिक क्लोराइडसारखे विष लावलेले असे, त्यामुळे आजही ती हातमोजे घालून हाताळावी लागते. कीड लागलेले नमुने काही दिवस उणे तापमानात ठेवतात. सुटलेले पान पुन्हा बसवतात आणि तुकडे कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर ठेवतात. हरवलेल्या पानाच्या जागी दुसऱ्या झाडाचे पान लावायचे नाही. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी ती काढायची नाही. दुरुस्त नाव, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती शेजारी लावायची.

मराठी परंपरेत या संयमाचा थोर दाखला एकनाथांचा आहे. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पाठांत शिरलेली अशुद्धे काढली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असे बजावले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी मूळ वाणीत भर घातली नाही. परंपरेतील कथा अशी की, आळंदीच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वर माउलींच्या कंठाला लागली होती आणि ती दूर करण्यासाठी एकनाथ तिथे गेले. अजानवृक्षाला वनस्पतिशास्त्रात एहरेशिया लेव्हिस म्हणतात. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी दिले. शास्त्रासाठी तो त्या जातीतला एक वृक्ष आहे. वारकऱ्यासाठी तो एकच आहे, आणि त्याची जागा त्याच जातीचे दुसरे झाड घेऊ शकत नाही. व्यक्तीचे हे अनन्यपण मान्य करण्यात भक्त आणि हर्बेरियमचा क्युरेटर एकमेकांच्या फार जवळ येतात.

आळंदी पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या जवळ आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहती आल्या, मग चाकणचे वाहन उद्योग. माळरान, गवताळ पडीक जमीन आणि ओढ्याकाठची झाडी यांच्या जागी शेड, गोदामे आणि रस्ते झाले. या भागाचे जुने वनस्पतिजीवन समजून घ्यायचे तर पुण्याच्या संग्रहांकडे जावे लागते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातील केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले; आघारकर संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे. आज जिथे काँक्रीट आहे त्या गावाचे नाव जुन्या चिठ्ठीवर असेल, तर ती शीट त्या ठिकाणी ती वनस्पती होती याची साक्ष ठरते. साक्षीदार बदलून चालत नाही, म्हणून गावाचे नाव संगणकात भरताना जुने स्पेलिंगही जसेच्या तसे ठेवावे लागते आणि आजचे नाव वेगळ्या रकान्यात द्यावे लागते.

प्रतिमा सर्वांसाठी खुली करताना आणखी एक जबाबदारी येते. याच पट्ट्याच्या उत्तरेला शिवनेरीवर फ्रेरिया इंडिका, म्हणजे शिंदळ माकुडी, उगवते. महाराष्ट्रात तिला शिवसुमन असेही नाव मिळाले आहे. अशा दुर्मीळ वनस्पतीचे अचूक ठिकाण जाहीर झाले तर ती उपटून नेणाऱ्यांची सोय होते. इथे देवराईची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाची, रीत उपयोगी पडते. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात मांडला. देवराईत जाता येते, दर्शन घेता येते, पण तिथली काटकीही उचलायची नाही, असा अनेक गावांचा दंडक आहे. ज्ञान खुले ठेवावे आणि वस्तूला हात लागू नये, ही दोन्ही मूल्ये त्या दंडकात एकत्र नांदतात. दुर्मीळ जातींच्या बाबतीत डिजिटल संग्रहानेही तीच रीत धरावी: प्रतिमा आणि तालुका सर्वांना दिसावा, नेमकी जागा नोंदीत राहावी पण ती केवळ अभ्यासाचे कारण सांगणाऱ्याला मिळावी.