आजोबांचं मस्टर आणि दामाजीपंतांचं कोठार



आजचं चिंतन गीतेच्या १८ व्या अध्यायातल्या ४६ व्या श्लोकावर. ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या कर्माने करावी, असं भगवंत सांगतात. ज्ञानेश्वर माऊली तर इथे आपल्या वाट्याच्या कामालाच फुलं म्हणतात. वाचायला किती गोड! पण ते काम सरकारी नोकरीचं असेल तर? नियम एकीकडे ओढतो, दया दुसरीकडे. मग देवाला वाहायचं फूल कोणतं?

हा प्रश्न मला आजोबांमुळे पडला. आज त्यांचं वर्षश्राद्ध.

गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, संध्याकाळी हरिपाठ. १९७२ च्या दुष्काळात ते सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर मस्टर कारकून होते. माणसं दिवसभर खडी फोडायची आणि मिलोच्या भाकरीवर, सुकडीवर दिवस काढायची. मस्टरवर हजेरी लागली तरच मजुरी.

एक दिवस एक बाई आली. दिवस भरत आलेले, खडी फोडायला बसवत नव्हतं. म्हणाली, "भाऊसाहेब, आजची हजेरी तेवढी मांडा." आजोबांनी मांडली नाही. खोटं कसं लिहायचं? ती काही न बोलता निघून गेली.

त्या रात्री हरिपाठ झाला, पण भाकरी घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी आजोबा खिशातले पैसे द्यायला गेले. तिने घेतले नाहीत. "भीक नको भाऊसाहेब, काम द्या." मग त्यांनी तिला मजुरांना पाणी वाटायच्या कामावर लावलं. मजुरी रीतसर, हजेरीही खरी.

कॉलेजात असताना मी त्यांच्याशी वाद घातला होता. "आजोबा, मंगळवेढ्याचे दामाजीपंत तुमचे एवढे लाडके. त्यांनी दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं. मग तुम्हाला एक खोटी हजेरी का जड गेली?"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळा, दामाजींनी कोठार उघडलं, पण वही खोटी केली नाही. जे केलं ते उघड केलं आणि मान पुढे करायची तयारी ठेवली. मी गुपचूप खोटं लिहिलं असतं तर पैसा सरकारचा आणि पुण्य माझं! पण माझं चुकलं ते वेगळंच. पहिल्या दिवशी मी मस्टर पाहिलं, बाई पाहिलीच नाही. पाणी वाटायचं काम त्या दिवशीही होतंच की."

त्या एका दिवसाच्या मजुरीची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

आणि तसं हलकं काम नसतंच तर? हे विचारायचं राहून गेलं. मला वाटतं, मग वरच्या साहेबाशी उघड भांडायचं, आपल्या नावावर जोखीम घ्यायची. आपल्या दयेची किंमत आपणच मोजायची, हीच दामाजींची रीत.

आपण बहुतेक वेळा इतके पुढे जातच नाही. "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही" म्हणतो आणि स्क्रीनवरून नजरसुद्धा हलवत नाही. नियम पाळल्याचं समाधान मिळतं, पण समोरचा माणूस तसाच परत जातो.

कथा सांगते, की दामाजींसाठी विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन पैसे भरायला बिदरला गेला. आजोबांकडे तो बहुधा काम मागायला आला होता, आणि पहिल्या दिवशी त्यांनी त्याला ओळखलं नाही.

आज एवढंच करून पाहू. कुणाला "नाही" म्हणायच्या आधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघू. नियमात बसणारी एखादी वाट कदाचित तिथेच दिसेल.

राम कृष्ण हरी!