काठी दुसऱ्याच्या हाती

सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळी पाच मिनिटं थांबावं. सातही दिशांनी रिक्षा, दुचाक्या, एसटी येतात, क्षणभर एकमेकांना अडवतात आणि आपापल्या वाटेला लागतात. एका जागी जमलेली माणसं म्हणजे संघ नव्हे, हे तिथे उभ्याउभ्या कळतं. आपली कितीतरी कार्यालयं आणि मंडळं अशीच चालतात.

संघ बघायचा तर याच शहरात, संक्रांतीला. सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, सात नंदीध्वज निघतात. सोलापूरकर त्यांना काठ्या म्हणतात. पहिली हिरेहब्बू घराण्याच्या मानाची, दुसरी कसब्यातल्या देशमुखांची, शेवटच्या दोन मातंग समाजाच्या. शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला या काठ्या क्रमाने निघतात. पहिली कितीही जोमात असली तरी सातवी पोचल्याशिवाय मिरवणूक पुरी होत नाही.

ही उंच काठी एका वेळी एकच माणूस पेलतो. पण अवतीभोवती बाराबंदी घातलेले सोबती डोळ्यांत तेल घालून चालत असतात. पेलणारा थकण्याआधी दुसरा पुढे होतो आणि भार त्याच्याकडे जातो. काठी मात्र उभीच. या पथकाच्या प्रमुखाला ‘मास्तर’ म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यात हुकूम कमी आणि शिकवणं जास्त आहे. यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव सुरू होतो, तो नवे खांदे तयार व्हावेत म्हणूनच. आपल्याशिवाय कुणालाच काठी पेलता येत नाही, असं सांगणाऱ्या मास्तराने शिकवलं तरी काय?

आपल्याकडे तर ‘माझ्याविना पान हलत नाही’ हे अभिमानाने सांगितलं जातं. माझ्या मते तो कमीपणा आहे.

पुढाऱ्याविना काम चालतं का, याची कसोटी सोलापूरने एकदा फार मोठी किंमत मोजून दिली आहे. मे १९३० मध्ये देशभरचे पुढारी तुरुंगात जात होते. ८ मे रोजी इथे गोळीबार झाला आणि पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ताच उरली नाही. तेव्हा शहराचे व्यवहार सांभाळायला साधे स्वयंसेवक पुढे आले. मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी याच लढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चौघे चार समाजांतले. आज चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे एकत्रच उभे आहेत.

यंदा गड्ड्याला गेलात तर काठीच्या टोकाकडे बघून झाल्यावर नजर खाली आणा. पेलणाऱ्याच्या शेजारी मोकळ्या हातांनी चालणारा तो पोरसवदा मुलगा बघा. पुढच्या वळणावर काठी त्याच्याकडे जाणार आहे.