सेवेला फळाची फिकीर असावी का?

भंडारा जिल्ह्यात बचत गटांचे विक्री-प्रदर्शन भरले की तिथे काय मांडले जाणार हे लोकांना ठाऊक असते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा, भंडाऱ्याची पितळी भांडी, धानाच्या या मुलखातला तांदूळ, पापड, लोणची, जवसाची चटणी. अशा ठिकाणी एखाद्या टेबलावर शिवणयंत्र ठेवून काही माणसे बसतात, घरोघरून गोळा केलेल्या जुन्या साड्या, चादरी आणि पडदे कापून पिशव्या शिवतात आणि प्लास्टिकच्या पन्नीत सामान घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात ती पिशवी पैसे न घेता ठेवतात. भोवती सगळे मोल ठरवून चाललेले असताना त्या एका टेबलावर मोल न लावलेले काम सुरू असते.

पाहणाऱ्याला ते चांगले वाटते आणि ते चांगले असतेही. पण ते चांगले कशामुळे, हा प्रश्न धर्माचा आहे. शिवणाऱ्याच्या मनात मोबदल्याची आशा नाही, एवढ्याने ते काम पुण्याचे ठरते का? की ती पिशवी पुढे वापरली जाते की नाही, ती फुकट वाटल्याने कुणाच्या पोटावर पाय येतो का, याचाही हिशेब त्या पुण्यात धरायचा? निष्काम कर्माचे नाव घेणाऱ्या समाजाने या प्रश्नाला बगल देणे बरे नाही.

कापडी पिशव्यांची पार्श्वभूमी सर्वांना माहीत आहे. 26 जुलै 2005 च्या प्रलयात मुंबईतले नाले तुंबले, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून दंड सुरू झाला. पुढे केंद्राच्या नियमांनी प्लास्टिक पिशवीची किमान जाडी आधी 75 आणि 2022 च्या अखेरीस 120 मायक्रॉनवर नेली. हातात काय धरायचे नाही, ते कायद्याने सांगितले. त्याऐवजी जे धरायचे ते कुणी, कशाचे आणि कोणत्या दराने शिवायचे, हे समाजावर राहिले.

निष्काम कर्माचा विषय निघाला की गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक पुढे येतो: कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही. त्याचा सोयीचा अर्थ असा निघतो की आपण शिवून दिले, पुढचे देव जाणे. पण हीच गीता अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगते. परिणाम काय होईल, नुकसान किती, इजा कुणाला आणि आपली ताकद केवढी, यांतले काहीच न पाहता मोहाने सुरू केलेल्या कर्माला ती तामस म्हणते. सतराव्या अध्यायात दानाचीही अशीच पारख आहे. सात्त्विक दान परतफेडीच्या अपेक्षेविना द्यायचे, पण योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला द्यायचे. म्हणजे फळावरचा हक्क सोडायला सांगणारी गीता फळाची फिकीर सोडायला कुठेच सांगत नाही. हक्क सोडला की माणूस स्वतःपासून मोकळा होतो. फिकीर सोडली तर तो दुसऱ्याकडे पाठ फिरवतो.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबांनी चौथ्या अध्यायातल्या ‘विकर्म’ या शब्दाला आपला अर्थ दिला. बाहेरची क्रिया हे कर्म, त्या क्रियेत ओतलेले मन हे विकर्म, आणि दोन्ही मिसळली की कर्माचा भार उरत नाही. शिवणाच्या टेबलावर हे डोळ्यांना दिसते. पिशवीचे बंद जिथे जोडले जातात तिथेच सगळे वजन पडते. त्या जागी एकच सरळ टीप मारून पिशवी पुढे सरकवली, तर पाच किलो तांदळाला ती उसवते. तिथे चौकोनी टीप घालून मध्ये तिरपी फुली मारली, आतल्या कडा दुमडून बंद केल्या, तर तीच पिशवी वर्षानुवर्षे टिकते. न पाहिलेल्या माणसाच्या खांद्याची काळजी त्या फुलीत असते. मन ओतणे म्हणजे भावुक होणे, असे समजायचे कारण नाही.

टिकण्याला एवढे महत्त्व का, ते आकड्यांवरून कळते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने 2018 मध्ये पिशव्यांच्या संपूर्ण आयुष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधायला नव्या सुती पिशवीला, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर, निदान 52 वेळा वापरावे लागते. पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सगळे निकष धरले तर 7,100 वेळा. कापूस पिकवायला लागणारे पाणी, खते, फवारण्या आणि पुढची प्रक्रिया हे त्याचे कारण. कापसाच्या विदर्भाला त्या फवारण्यांची किंमत वेगळी सांगायला नको. अशा अभ्यासांत नाल्यात अडकलेल्या आणि गाईच्या पोटात गेलेल्या पन्नीचे मोजमाप नीट होत नाही, हेही खरे. तरी एवढा निष्कर्ष पक्का निघतो: नवे कोरे कापड आणून, त्यावर नाव छापून वाटलेली आणि नंतर कपाटात पडून राहिलेली पिशवी हे चांगल्या हेतूने केलेले नुकसान असते. जुन्या साडीची गोष्ट वेगळी, कारण तिच्या कापसाची किंमत निसर्गाने आधीच मोजलेली आहे. तिचे आयुष्य वाढेल तेवढे पदरात पडते.

कापडाच्या आयुष्याचा असा विचार या भूमीला नवा नाही. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या अंतःपुराने बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, दिली. राजाला शंका आली की हा भिक्षू एवढ्यांचे करणार काय. आनंद म्हणाला, ज्यांची जीर्ण झाली त्यांना देईन. मग जीर्ण झालेल्यांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, खोळी विरल्या की जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग झटकायची फडकी, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले. वैनगंगेकाठच्या कुठल्याही जुन्या घरात हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि शेवटी पोतेरे, ही वाट तिथल्या आज्यांच्या हातची आहे.

त्याच विनयपिटकातल्या महावग्गातली दुसरी आठवण तर धानपट्ट्याला अधिकच जवळची. मगधातली बांध घातलेली, तुकड्यातुकड्यांची शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, तशी चीवरे करता येतील का? तेव्हापासून भिक्षूचे वस्त्र तुकडे जोडून, मध्ये बांधांसारख्या पट्ट्या घालून शिवले जाते. लाखांदूरच्या किंवा साकोलीच्या बांध्या वरून पाहिल्या तर हाच नमुना दिसेल. कापलेल्या तुकड्यांना चोराच्या लेखी किंमत उरत नाही आणि वापरणाऱ्याचीही त्यावर आसक्ती जडत नाही. चिंध्या जोडून वस्त्र करणे हे त्या परंपरेत गरिबीचे लक्षण मानलेले नाही. ती साधना मानलेली आहे.

ती साधना एकट्याने करायची नसते. भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपल्यावर कठिन चीवराचा विधी होतो. दान आलेले कापड संघाने त्याच दिवशी मापायचे, कापायचे, शिवायचे आणि रंगवायचे. त्या कामातून थोरामोठ्यालाही सुटका नाही. पाली अट्ठकथेत अनुरुद्ध या बुद्धशिष्याच्या चीवराची कथा येते. महाकस्सप, सारिपुत्त आणि आनंद शिवायला बसले, भिक्षूंनी सूत वळले आणि स्वतः बुद्धांनी सुईत दोरा ओवला. चिनी भाषांतरात टिकून राहिलेल्या एकोत्तर आगमात हा प्रसंग अधिक हृद्य आहे. तिथे अनुरुद्धाची दृष्टी गेलेली आहे आणि पुण्य हवे असलेल्या कुणीतरी दोरा ओवून द्यावा, अशी तो हाक घालतो. बुद्ध पुढे होतात. तुम्हाला पुण्याची काय गरज, असे त्याने विचारल्यावर ते सांगतात की पुण्याची ओढ माझ्याएवढी कुणालाच नसेल. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरलेले नाही, तोही ‘मला काही नको’ म्हणून बाजूला होत नाही. समोरच्याचे वस्त्र पुरे होण्याची त्याला आस्था आहे.

आणि याच जिल्ह्यात, पवनीला, ही आस्था दगडावर कोरलेली सापडली. 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. इसवी सनापूर्वीचा स्तूप आणि ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे दानलेख उजेडात आले. त्यांतल्या एका लेखात विसमिता नावाच्या दात्रीचे दान आहे आणि ते सर्व जीवांच्या सुखासाठी व्हावे, अशी तिची इच्छा आहे. दान दिले, नावही कोरले, पण फळ स्वतःकडे मागितले नाही. ते कुठे जावे, हे मात्र तिने स्पष्ट लिहिले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पवनीतल्या एका दानलेखात एवढी स्पष्टता होती.

आता पोटाचा प्रश्न, आणि भंडाऱ्यात तो टाळता येत नाही. या जिल्ह्यात बायकांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, म्हणजे हाताची प्रत्येक हालचाल मोजलेली असते. बचत गटांतून मशीन चालवायला शिकलेल्या अनेक बायकांना पिशवी हे पहिले स्वतःचे उत्पन्न देणारे काम वाटते. त्यांच्या टेबलाशेजारी कुणी तशीच पिशवी फुकट वाटत असेल तर ग्राहक कुठे वळेल? सवड असलेल्याची सेवा अशा वेळी सवड नसलेल्या बाईची मजुरी खाते. देणाऱ्याच्या मनात तसे काही नसते, हे खरेच. पण गीतेचा अठरावा अध्याय विचारतो तो हेतूपलीकडचाच प्रश्न.

हा पेच गांधीजींसमोर उभा राहिला होता. त्यांनी सूतकताईला यज्ञ म्हटले, खात्यापित्या माणसानेही रोज कातावे असा आग्रह धरला. रवींद्रनाथ ठाकूरांनी 1925 साली त्यावर हरकत घेतली: तीच तीच क्रिया करून माणसाचे मन यंत्र होईल. त्या हरकतीला विनोबांच्या विकर्मात उत्तर सापडते. पण मजुरीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो गांधीजींनी 1935 मध्ये हाती घेतला. पोटासाठी कातणाऱ्या स्त्रियांना जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असे त्यांनी चरखा संघाला बजावले आणि आठ तासांच्या कामाला आठ आणे हे माप समोर ठेवले. खादी महाग होईल, खप घटेल, ही सहकाऱ्यांची भीती त्यांना दिसत होती. तरी यज्ञाच्या नावाखाली मजुरी दाबायला ते तयार झाले नाहीत. तुकडोजी महाराजांनीही 1955 च्या ‘ग्रामगीते’त श्रमाला संपत्तीचा दर्जा दिला. श्रम संपत्ती असेल तर तो दान करता येतो, तसा लुबाडलाही जाऊ शकतो. म्हणून ज्याच्याकडून तो घ्यायचा, त्याच्या घरची चूल आधी पाहावी लागते.

शिवणाऱ्या हातांचा सन्मान इतर धर्मांतही आहे. बायबलमध्ये याफो गावची तबिथा येते. ती गेल्यावर विधवा स्त्रिया तिने शिवून दिलेले अंगरखे पेत्राला रडत दाखवतात. तिची ओळख सांगायला त्यांच्याकडे ती वस्त्रेच होती, कारण ती नेमक्या गरजवंत अंगांवर गेली होती. अलीकडे ऑस्ट्रेलियात बर्ली हेड्स इथे 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘बूमरँग बॅग्ज’ चळवळीत स्वयंसेवक टाकाऊ कापडाच्या पिशव्या शिवून दुकानांत ठेवतात. विसरलेल्या ग्राहकाने ती न्यायची, वापरायची, हवी तर परत आणून ठेवायची. तिथे पिशवी दिली जाण्याबरोबर तिच्या फिरत राहण्याचाही विचार केलेला आहे.

भंडाऱ्यातल्या टेबलाला या सगळ्यांतून एक चोख रीत बसवता येईल. कापड जुनेच घ्यावे. जिथे बचत गटाच्या पिशव्या विक्रीला असतील तिथे फुकट वाटप करू नये. स्वयंसेवकांनी कापड गोळा करणे, धुणे, कापणे ही कामे अंगावर घ्यावीत आणि शिलाई गटातल्या बायकांना पूर्ण मजुरी देऊन करून घ्यावी. घरून फाटकी पिशवी घेऊन येणाऱ्याला मात्र पैसे न घेता ती तिथेच शिवून द्यावी. दुरुस्तीच्या कामात कुणाचा धंदा बुडत नाही, आणि जुनी पिशवी आणखी शंभर वेळा बाजारात जाते.

राहिला पात्राचा प्रश्न. कठिन विधीत तयार झालेले एकच वस्त्र कुणाला द्यायचे, यालाही परंपरेने उत्तर ठेवले आहे: ज्याचे चीवर सर्वांत जीर्ण झाले असेल त्याला. प्रदर्शनाला येणाऱ्या बहुतेकांच्या घरी चार पिशव्या असतात. आठवडी बाजारात पालेभाजी घेऊन बसणारी बाई मात्र गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आले की पन्नी देते, कारण नाही दिली तर ते पलीकडच्या पालावर जाते, आणि दंडाची पावतीही तिच्याच नावाने फाटते. अशा शिवून घेतलेल्या पिशव्यांचा पहिला गठ्ठा तिच्याकडे जायला हवा. गिऱ्हाइकाने थोडी अनामत ठेवून पिशवी न्यावी, पुढच्या बाजारी आणून द्यावी आणि आपले पैसे परत घ्यावेत. न परतलेल्या पिशवीची अनामत त्या बाईकडेच राहावी.