ग्रंथाचा धनी

गोदातीरीच्या पैठणास शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथास तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती आणि त्यात नाना अपपाठ शिरले होते. नाथांनी ते काढून टाकले आणि या पाठात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद शेवटी दिली. नक्कल करण्यास मात्र त्या ताकिदीत मनाई नाही.

आजचा कायदा पुष्कळ पुढे जातो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने ग्रंथाच्या प्रती काढणे, भाषांतर करणे, त्यावर चित्रपट रचणे हे हक्क एकट्या धन्यास दिले आहेत, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ते ६० वर्षे चालतात. हा अन्याय आहे काय? आम्हांस तसे सरसकट वाटत नाही. ग्रंथलेखनावर ज्याचा चरितार्थ चालतो, त्याचे नवे पुस्तक आपण झेरॉक्स करून चार मित्रांस वाटतो आणि विद्या दिल्याने वाढते, असे वर म्हणतो! दुसऱ्याच्या कणगीतील धान्य वाटून दानशूर म्हणविण्यासारखेच हे आहे.

तथापि हक्क वारसाकडे गेला, आणि तो स्वतः पुस्तक छापीना व दुसऱ्यासही छापू देईना, तर काय करावे? साठ वर्षांत कागद पिवळा पडतो आणि ज्या पिढीस त्या पुस्तकाची ओढ होती ती निघून जाते. अशा अडवणुकीवर अर्ज करून परवाना मिळविण्याची सोय कायद्यात आहे. परंतु सुजाण वारसाने तेथवर पाळी का येऊ द्यावी?

लेखकाने प्रताधिकार विकला तरी आपल्या कृतीची कोणी विटंबना केल्यास दाद मागण्याचा हक्क हाच कायदा त्याजकडे ठेवतो. नाथांच्या ताकिदीशी या हक्काचे नाते उघड आहे. आमच्या मते येथेच धनीपणाचे खरे मर्म आहे. लेखकास त्याचा मोबदला मिळावा, पाठ निर्मळ राहावा, आणि ग्रंथ वाचकांच्या हाती पडत राहावा, एवढ्यासाठीच ही राखण आहे. नाथ त्या ग्रंथाचे कर्तेही नव्हते आणि वारसही नव्हते. तरी धन्याने कसे वागावे हे त्यांनी पैठणास दाखवून ठेविले आहे.